दांडीचा हिशोब

भाचीचा फोन आला तेव्हा मे महिना संपत आला होता. ती बोरिवलीला राहते. सातव्या मजल्यावरचा एका बेडरूमचा फ्लॅट, नवऱ्याची नोकरी अंधेरीला, डॉक्टरांनी तारीख दिलेली जूनअखेरची. माहेर पुण्याचं, पण डॉक्टर इथले म्हणून तिची आई, म्हणजे माझी ताई, इथेच येऊन राहणार होती. "मावशी, कापडी डायपर किती घेऊ? आणि पुन्हा पुन्हा किती वेळा घ्यावे लागतात?"

मी विचारलं, "तुझ्या घरात कपडे वाळत घालायच्या दांड्या किती आहेत?"

तिला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. तिने प्रश्न पुन्हा सांगितला, मीही माझा पुन्हा सांगितला.

बाळ दिवसातून किती वेळा ओलं करतं, यावरून गरजेचा अर्धाच अंदाज येतो. उरलेला अर्धा, धुतलेलं कापड पुन्हा हाताशी यायला किती वेळ घेतं यावरून. आमच्या उपनगरांत हा वेळ मे महिन्यात दोन-तीन तासांचा असतो आणि जुलैत दोन-तीन दिवसांचा. सरासरी पाऊसमानानुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एकट्या जुलैत. पण कापडाशी खरं वैर पावसाचं नसतं, हवेतल्या ओलाव्याचं असतं. पाऊस थांबलेला असला तरी हवा आधीच पाण्याने भरलेली असते, कापडातलं पाणी तिथे मावत नाही. म्हणून खिडकीला बांधलेल्या दोरीवरचा टॉवेल सकाळी जसा होता तसाच संध्याकाळी लागतो, फक्त आता त्याला कुबट वास येत असतो.

माझ्या आजीला हा हिशोब मांडावा लागला नाही, कारण तिला काही विकत घ्यायचंच नव्हतं. घरातल्या जुन्या नऊवारी सुती लुगड्यांचे लंगोट व्हायचे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पन्हा हातभर दुमडून अर्धा केला आणि साधारण 55 सेंटिमीटरचे चौकोन फाडत गेलं, तर एका लुगड्यातून तीसेक चौकोन निघतात. चौकोनाची तिरकी घडी घातली की त्रिकोण, त्रिकोणाला नाडी लावली की लंगोट. काठ वेगळे काढून ठेवायचे, ते गोधडीला. दोन लुगडी फाडली की तान्ह्याची सोय झाली. पुष्कळ घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत. याला कुणी सटवीचं नाव जोडतं, कुणी दृष्टीचं. मला त्यात शिवणकाम करणाऱ्या बाईचं शहाणपण दिसतं. नव्या कापडात खळ असते, ते कडक असतं आणि पाणीही नीट शोषत नाही. शंभर धुण्यांतून गेलेलं लुगडं मऊ असतं आणि ओल लगेच पितं.

कपड्याच्या दुकानातून आणलेल्या नव्या कापडी डायपरलाही हेच लागू आहे, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. कच्च्या कापसात नैसर्गिक मेण असतं, ते पाण्याला दूर ठेवतं. चार-पाच वेळा धुऊन वाळवल्यावरच सुती पॅड पूर्ण ताकदीने शोषू लागतं. पहिल्याच दिवशी वापरून "गळतं हो" म्हणत ते माळ्यावर टाकणारी दोन घरं तरी मी पाहिली आहेत.

आता आकडे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळाला दिवसाला दहा-बारा वेळा तरी बदलावं लागतं, अंगावर पिणाऱ्या बाळाला कधी त्याहूनही जास्त. लंगोट रोज धुतले आणि त्याच दिवशी वाळले, तर वापरातले बारा आणि दांडीवरचे बारा, असे दोन डझन पुरतात. एप्रिल-मेमध्ये मुलुंडच्या कुठल्याही गॅलरीत हे सहज जमतं. पण बाळ जुलैत झालं आणि लंगोट वाळायला दोन दिवस लागले, तर आजचे बारा, काल धुतलेले बारा, परवा धुतलेले बारा, आणि ज्या दिवशी ढग जरा जास्तच मुक्कामाला येतात त्या दिवसासाठी आणखी डझनभर. म्हणजे चार डझन. बाळ तेच, मऊ कापड तेच, पण जन्माचा महिना बदलला की संख्या दुप्पट.

सूत्र एवढंच: दिवसाला जितके बदल, त्याला धुण्यापासून वाळण्यापर्यंतच्या दिवसांनी गुणायचं, आजचा वापर त्यात मिळवायचा आणि थोडे राखीव धरायचे. भाचीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळं हवामान खात्यावर आहे." बरंचसं आहे. मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आणि परतण्याची 8 ऑक्टोबर. तिच्या बाळाचे पहिले तीन महिने पुरते या दोन तारखांच्या आत बसत होते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी मी तिला साधे मलमलचे लंगोटच घ्यायला सांगितले, महागडे डायपर नाही. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे एकपदरी कापडाइतकं लवकर दुसरं काही वाळत नाही. पाणी पृष्ठभागावरून उडतं. चार पदर एकत्र शिवलेल्या पॅडमध्ये मधल्या पदरांतलं पाणी बाहेर यायलाच वाट नसते. तेच चार पदर उलगडून पसरता आले, तर चौपट पृष्ठभाग हवेला मिळतो. धुताना उलगडणारा आणि घालताना घडीचा होणारा लंगोट म्हणूनच इतकी वर्षं टिकला. दुसरं कारण मापाचं. बाजारातले बटणांचे डायपर बहुधा "5 ते 17 किलो" असे विकले जातात. आपल्याकडचं बाळ जन्मतः पावणेतीन-तीन किलोचं असतं. त्याच्या काडीसारख्या मांडीभोवती तो डायपर बसतच नाही, सगळं बाजूने वाहून जातं. पाच किलो व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत तो डायपर कपाटात नुसता पडून राहतो.

ती बटणंही मुळात एका आईच्या वैतागातून आली आहेत. 1946 साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या बाईने रोजच्या ओल्या पाळण्याला कंटाळून न्हाणीघराचा जलरोधक पडदा कापला आणि लंगोटावर घालायचं आवरण शिवलं. सेफ्टी पिनेच्या जागी तिने दाबून बसणारी बटणं लावली. कारखानदारांना त्यात रस नव्हता, म्हणून तिने ते स्वतःच विकायला काढलं. एकदा वापरून टाकून द्यायचे पॅम्पर्स त्यानंतर, 1961 मध्ये आले. आपल्याकडे उलटा प्रवास झाला: टाकाऊ डायपर घरोघर पोचल्यावर कापडी डायपर नव्या रूपात परत आला. मुंबईतच 2016 साली पल्लवी उटगी यांनी सुपरबॉटम्स ही कंपनी सुरू केली. आज अशा पाच-सात कंपन्यांची नावं नव्या आयांच्या बोलण्यात असतात. आजीच्या लंगोटाला आता "ड्राय फील लंगोट" असं नाव आहे आणि किंमतही नावाला शोभेल अशी आहे.

या नव्या डायपरचे दोन भाग असतात. बाहेरचं आवरण, ज्याच्या आतल्या बाजूला पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा पातळ थर असतो. आणि आतलं शोषणारं पॅड, त्याला सोकर किंवा इन्सर्ट म्हणतात. खरेदीच्या दृष्टीने हे दोन भाग वेगळे आहेत, हे लक्षात आलं की निम्मे पैसे वाचतात. आवरण पाणी पीत नाही, झटकून पंख्याखाली टाकलं तर जुलैतही काही तासांत वाळतं. अडतं ते पॅड. म्हणून पावसाळ्याआधी पूर्ण डायपरचा आणखी एक संच घ्यायचं कारण नाही, फक्त जास्तीची पॅड घ्यावीत. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला सहा-सात बदल धरले, तर उन्हाळ्यात बारा-चौदा आवरणं आणि तितकीच पॅड पुरतात. पावसाळ्यात आवरणं तितकीच, पॅड मात्र पंचवीसच्या घरात. बांबूच्या धाग्याचं पॅड जास्त शोषतं आणि सगळ्यात उशिरा वाळतं. मायक्रोफायबरचं लवकर वाळतं, पण ते बाळाच्या कातडीला थेट लागू द्यायचं नसतं, त्वचेतला ओलावाही ते ओढून घेतं.

दुकानदार हे सांगत नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात मी नुसती पॅड मागितली, तर समोरचा मुलगा मला बारा डायपरचा "कॉम्बो" दाखवत राहिला.

मग वाळवायची जागा. नव्या इमारतींच्या जाहिरातीत "ड्राय बाल्कनी" म्हणतात ती स्वयंपाकघरामागची बोळकांडी. तिथे वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस आडवाच उभा राहतो, आणि ऊन तर तिथे यायचं नावच घेत नाही. काही सोसायट्यांत खिडकीबाहेर कपडे घालायला मनाई आहे, इमारतीची शोभा जाते म्हणे. घाटकोपरच्या जुन्या इमारतीत माझ्या मैत्रिणीकडे अजून छताला टांगलेल्या लांब दांड्या आहेत, काठीने कपडे वर सरकवायचे. गरम हवा वर जाते, पंख्याचा वारा मिळतो आणि खाली माणसांना वावरता येतं. तिच्याकडे पावसात पॅड दीड दिवसात वाळतं. भाचीच्या चकचकीत फ्लॅटमध्ये घडीच्या स्टँडवर तेच अडीच दिवस घेतं. मशीनचा पिळण्याचा वेग वाढवणं आणि एसीच्या "ड्राय मोड"समोर स्टँड लावणं, हे तिचे दोन उपाय. एसीचं बिल कापडी डायपरच्या खात्यात धरायचं की नवऱ्याच्या झोपेच्या, यावर त्यांचा वाद आहे. आजीकडे शेगडी होती. निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालायची, वर लंगोट पसरायचे, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा. बाळंतिणीच्या खोलीचा तो वास ज्यांना आठवतो ते आता साठीच्या पुढचे.

पाण्याचीही एक गंमत आहे, आपली खास मुंबईची. ऊन कडक असतं तेव्हा तलाव तळाला गेलेले असतात. 2024 मध्ये महापालिकेने 30 मेपासून पाच टक्के आणि 5 जूनपासून दहा टक्के पाणीकपात लावली होती. ज्या दिवसांत लंगोट दोन तासांत वाळतो त्या दिवसांत धुवायला पाणी जपून वापरायचं, आणि तुळशी-विहार भरून वाहू लागतात तेव्हा धुतलेलं वाळायला ऊन नाही. पाणी ठरावीक वेळी येणाऱ्या घरात रोज हातावर थोडे थोडे धुण्यापेक्षा एक दिवसाआड मशीन भरून लावलेलं परवडतं. मात्र साठवायचे तर शू झालेले खळबळून, शीचे आधी साफ करून, उघड्या टोपलीत. बंद बादलीत दोन दिवस ठेवले की जंतू मूत्रातल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. डोळ्यांत पाणी आणणारा तो वास येतो, आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. त्यावर लोक साबण वाढवतात, सुगंधी कंडिशनर घालतात. दोन्हींचा थर कापडावर बसतो, पॅड शोषेनासं होतं, आणि "डायपर खराब झाला" म्हणून नवे येतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या खरेदीतली बरीचशी इथून सुरू होते. साबण कमी करून दोन वेळा जास्त खळबळलं, तर अनेकदा जुनंच पॅड पूर्ववत होतं.

आणि पिवळे डाग. तान्ह्या बाळाच्या शीतला पिवळा रंग बिलिरुबिनचा असतो, आणि ते प्रकाशात विघटित होतं. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याचसाठी. ओला लंगोट उन्हात घातला की डाग आपोआप फिका होतो. पावसाळ्यात डाग राहतात. राहू द्यावेत, ऑक्टोबरात जातील.

मग पुन्हा किती वेळा घ्यायचे? माझा अनुभव असा की जे कमी घेतात त्यांनाच सारखे घ्यावे लागतात. सहाच डायपर घेऊन प्रत्येक रोज धुतला, तर वर्षाला एका डायपरची 365 धुणी होतात. चोवीस असतील, तर प्रत्येकाचा नंबर चार दिवसांनी येतो, वर्षाला नव्वदेक धुणी. आधी जातं ते मांडीभोवतीचं इलॅस्टिक, मग आतला प्लास्टिकचा थर सुटतो. उकळतं पाणी आणि कडक ब्लीच यांनी दोन्ही लवकर जातात. मलमलचा लंगोट मात्र उकळा, आपटा, काहीही करा. नीट फिरते ठेवले, तर बटणांचा एक संच अडीच वर्षं निघतो, मधे कधीतरी इलॅस्टिक बदलून घ्यावं लागतं. ते कुठलाही शिंपी करून देतो, दोनदा विनवावं लागतं एवढंच. तेव्हा खरेदीच्या वेळा मोजक्याच: जन्माआधी लंगोट, पाच किलोला आवरणं आणि पॅड, पहिल्या पावसाआधी जास्तीची पॅड.

यात चौथी वेळ शहराने घातली आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. सहा महिन्यांनी आई लोकलमध्ये आणि बाळ पाळणाघरात. पाळणाघरात दिवसाला चार डायपर पाठवले, तर ते घरी ओले परत येतात संध्याकाळी सातनंतर, म्हणजे धुण्याचं चक्र एक दिवसाने लांबतं. म्हणून चार-सहा जास्तीचे लागतात. बरीच पाळणाघरं कापडी घेतच नाहीत. त्यांना दोष देता येत नाही, एका बाईच्या हाताखाली आठ मुलं असतात. भाचीने तडजोड आधीच ठरवून ठेवली आहे: घरी कापडी, पाळणाघरात आणि प्रवासात टाकाऊ. तिच्या एका सहकाऱ्याने त्यावर तिला दांभिक ठरवलं. त्याने स्वतः आयुष्यात एकही लंगोट धुतलेला नाही.

पैशांचा हिशोब ढोबळच मांडते. दिवसाला सहाच्या हिशेबाने अडीच वर्षांत पाच हजारांवर टाकाऊ डायपर होतात. एकाला दहा रुपये धरले, तर पन्नास हजार. कापडी वीस, पाचशेच्या दराने, दहा हजार. वर साबण, पाणी, वीज, आणि कुणाच्या तरी कमरेचं दुखणं. ते शेवटचं कुठल्याच तक्त्यात नसतं. ते बहुधा आजीच्या वाट्याला येतं, नाहीतर कामाच्या बाईंच्या. लंगोट धुवायचे असले, तर बाई महिन्याचे पैसे वाढवून मागतात, आणि बरोबर करतात.

टाकाऊंचं पुढे काय होतं, हे आमच्या उपनगरांइतकं जवळून दुसऱ्या कुणाला दिसत नसेल. बोरिवलीकरांच्या खाडीकाठी गोराईचं डम्पिंग ग्राउंड होतं, ते बंद करून वर माती आणि हिरवळ घातली. मुलुंडचं पन्नासेक वर्षं कचरा झेलून 2018 मध्ये बंद झालं. घाटकोपरच्या दक्षिणेला देवनार, 1927 पासूनचं. आता शहराचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो, आणि वारा फिरला की विक्रोळी-मुलुंडच्या खिडक्या बंद होतात. डायपरमधला प्लास्टिकचा थर आणि मूत्राचं जेल करणारी पावडर तिथे कुजत नाहीत. 2016 च्या घनकचरा नियमांतच ते वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. महापालिकेने 2025 मध्ये असा घरगुती सॅनिटरी कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली, त्यासाठी सोसायटीने नोंदणी करायची असते. आमच्या सोसायटीत तो विषय दोन सभांत निघाला आणि दोन्ही वेळा पार्किंगवर संपला.

मात्र कापडी म्हणजे आपोआप निसर्गाला धरून, असंही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये अडीच वर्षांचा हिशोब काढला तेव्हा टाकाऊ डायपरचं कार्बन उत्सर्जन सुमारे 550 किलो आणि कापडीचं सुमारे 570 किलो भरलं. फरक नाहीच म्हणावा असा. पण मशीन पूर्ण भरून लावलं, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडीचा आकडा तब्बल 200 किलोंनी खाली येत होता. म्हणजे तिथेही सगळं दोरीवरच येऊन थांबलं. दुसरं मूल तर आपल्याकडे शोधावं लागत नाही. आत्तेबहिणीला होतं, शेजारी होतं.

संख्या कमी करायचा एक जुना उपाय ताईने सुरू केला, तो भाचीला आधी फार गावठी वाटला. बाळ मान धरू लागल्यावर दूध पिऊन झालं आणि झोपेतून उठलं की ताई पाय लांब करून बसायची, दोन पायांवर बाळाला घ्यायची आणि "शूऽऽ" करत राहायची. दहातल्या सहा वेळा जमायचं. सहा लंगोट वाचायचे असं नाही म्हणणार, पण रोजचे दोन-तीन तरी वाचले. ओलं झाल्याचं बाळाला कळतं हाच कापडाचा गुण, आणि रात्री हाच अवगुण. रात्री भाची सरळ टाकाऊ डायपर घालते आणि झोपते. मी तिला काही म्हणत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. गच्चीवर दोन दोऱ्या, त्यावर ओळीने मलमलचे चार डझन लंगोट, सगळे पांढरे, डाग गेलेले. बाळ सहा किलोच्या पुढे गेलं होतं, लंगोट आता लहान पडत होते. खाली लिहिलं होतं, "मावशी, आता हे कुणाला देऊ?" मुलुंडला आमच्या मजल्यावर समोरच्या सुनेला डिसेंबरची तारीख आहे. पाऊस नाही, तिला दोन डझन पुरतील. उरलेल्या दोन डझनांसाठी जुलैची तारीख असलेली कुणी आहे का, ते ताई शोधते आहे.